कानाडोळा

माझा दादा आवाजाला भितो. फुगा फुटला की आपण दचकतो, ती भीती वेगळी. दादा मोजून-मापून भितो. मिक्सर लागला की तो स्वयंपाकघराचं दार ओढून घेतो. शेजाऱ्यांनी भिंतीला ड्रिल लावलं की घड्याळ बघतो आणि दहा मिनिटं झाली की चपला घालून खाली निघून जातो. घरातल्या झाडून सगळ्या खुर्च्यांच्या पायांना त्यानं माझ्या दुकानातल्या जाड कापडाच्या चिंध्या चिकटवल्यात, त्यामुळे त्याच्या घरात कोण कधी मागे येऊन बसलं ते कळत नाही आणि माझ्यासारखीचा जीव जातो. असल्या माणसाला त्या रविवारी मी रॉकच्या कार्यक्रमाला घेऊन चालले होते. बसमध्ये त्यानं मला चार वेळा विचारलं, "आपण अगदी मागे उभं राहिलं तर चालतं ना?"

दादाचं काम म्हणजे लोकांना किती ऐकू येतं ते तपासणं. एका मोठ्या हॉस्पिटलात तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे कॉरिडॉर संपतो तिथे त्याची खोली आहे आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली. आतल्या खोलीला भोकाभोकांच्या भिंती, जाड दार, एक खुर्ची आणि एक काच. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, दादा काचेबाहेर यंत्रापुढे. त्यानं बटण दाबलं की एका कानात बारीकसा टूं वाजतो आणि पेशंटनं बोट वर करायचं. "ऐकू आलं की बोट वर. कितीही बारीक असलं तरी वर. नुसतं वाटलं तरी वर." हे वाक्य तो सव्वीस वर्षं दिवसातून वीस वेळा म्हणतोय. हॉस्पिटलात सगळे त्याला बोटमास्तरच म्हणतात. बोटं वर येतील तसतशा तो ग्राफवर खुणा करत जातो, उजव्या कानाच्या लाल, डाव्याच्या निळ्या.

काम शिकायला कोणी आलं की दादा दोन गोष्टी घोकून घेतो. पेशंटची खुर्ची नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवायची. त्याला तुमचा हात, खांदा, डोळे काहीही दिसता कामा नये. आणि तालात बटण दाबायचं नाही. उलट मधेच एकदा बटण न दाबता गप्प बसायचं. तेव्हा बोट वर आलं तर ते खोटं बोट. लोक खोटं बोलतातच. नोकरी हवी असलेले ऐकू येतं म्हणतात आणि घरच्यांना कंटाळलेले येत नाही म्हणतात.

"तुला कोणी फसवलंय का रे कधी?" मी एकदा विचारलं होतं.

"मला?" दादा हसला होता. "छोटे, मला कोण फसवणार?"

मी बावन्न वर्षांची आहे, कपडे आल्टर करायचं माझं स्वतःचं दुकान आहे, पण दादासाठी मी अजून छोटीच.

आता चिमणीबद्दल. चिमणी म्हणजे दादाची एकुलती एक लेक. वहिनी गेल्या तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळा सुटली की ती सरळ हॉस्पिटलात यायची, दादाच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची आणि पेशंट नसला की त्या आतल्या खोलीत जाऊन गाढ झोपायची. शहरातली सगळ्यात शांत जागा ती. तिथं वाढलेली पोर मोठी होऊन गिटार गळ्यात अडकवून माइकपुढे ओरडायला लागली, याला काय म्हणावं? "ऑल्टर्नेटिव्ह रॉक म्हणजे काय गं?" मी विचारलं, तर म्हणाली, "आत्या, ज्यांना रॉकवालेसुद्धा आपलं म्हणत नाहीत ते." दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवते. बाप कानाचा, लेक डोळ्यांची, म्हणून त्यांच्या घराला मी 'कानाडोळा' म्हणते. दाराला तशी पाटीसुद्धा लावणार होते, दादानं लावू दिली नाही.

दोन वर्षांत दादा तिच्या एकाही कार्यक्रमाला गेला नव्हता. तिनंही कधी आग्रह केला नव्हता. या वेळी मात्र तिनं हट्टच धरला. "बाबा, या वेळी तरी ये. एकदा ये." तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं आणि ते माझ्यासुद्धा लक्षात आलं होतं. मी म्हटलं, पोरीला बापानं कौतुक करावंसं वाटतंय, दुसरं काय.

त्याच आठवड्यात सोमवारी चिमणी सकाळी उठली ती उजवा कान बंद घेऊन. कानात बोळा कोंबल्यासारखं वाटतंय म्हणाली. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. मंगळवारी सकाळी, पेशंट यायच्या आधी, त्यानं तिला हॉस्पिटलात नेऊन तपासलं आणि तिथूनच मला फोन केला. "दोन्ही कान चोख आहेत, छोटे. ग्राफ एकदम सरळ. सर्दी असणार, उतरेल." तो इतका सुटल्यासारखा बोलत होता की मी हातातली कात्री खाली ठेवून जरा वेळ तशीच बसून राहिले. ग्राफ इतका चांगला आल्यावर डॉक्टरांना दाखवायचा प्रश्नच नव्हता. विषय संपला.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. सायकलच्या दुकानाच्या मागे एक लांबट गोदाम, तिथे. आत जायला एकच दार आणि तेही आतल्या बाजूला उघडणारं. दादानं ते उघडून बघितलं, लावून बघितलं, पुन्हा उघडून बघितलं, मागचे लोक वैतागले. मनगटावर शिक्का मारून आत सोडलं तर छत इतकं खाली की मी हात वर केला असता तर टेकला असता. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले. "याचा काडीचा उपयोग नसतो," दादा पुटपुटला. खिडकीला गादी टेकवलेली. शंभर माणसं असतील, सगळी उभी, सगळी काळ्या कपड्यांत, आणि आम्ही दोघं म्हणजे चुकून आत आलेले परीक्षक. मी हसत होते खरी, पण नजर पुन्हा पुन्हा त्या एकाच दाराकडे जात होती. गर्दीत मला घाबरायला होतं हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दादानं फोनवर आवाज मोजायचं काहीतरी उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. नुसत्या बोलण्याचाच आकडा ऐंशीच्या वर होता. मग त्यानं खिशातून डबी काढली, त्यातले मऊ पिवळे बोळे माझ्या दोन्ही कानांत स्वतःच्या हातांनी बसवले, स्वतःच्याही बसवले, आणि सगळी जागा न्याहाळून आम्हाला स्टेजच्या एका अंगाला, खांबामागे नेऊन उभं केलं. म्हणजे चिमणीच्या उजव्या हाताला, तिच्यापासून सात-आठ पावलांवर. मागे उभं राहायचा त्याचा बेत फसला होता, कारण मोठे स्पीकर नेमके मागच्या भिंतीवरही होते.

मग दिवे गेले आणि ढोलावर पहिला ठोका पडला.

मला खरं सांगू का, मला वाटलं छत अंगावर आलं. कानात बोळे होते, तरी आवाज पायातून आला, पोटातून आला, दातांत आला. शंभर माणसं एकदम पुढे सरकली आणि मी खांबाला मिठीच मारली. दार कुठे आहे ते बघायला मान वळवली तर दार दिसेना, नुसती डोकी. दादाचा हात शोधला. तो गारठलेला होता. त्यानं फोन माझ्यापुढे धरला: एकशे पाच. पुन्हा धरला: एकशे आठ. मी त्याचा फोन ओढून पर्समध्ये टाकला. आधीच माझा जीव टांगणीला, त्यात हे आकडे कशाला?

स्टेज कसलं, वीतभर उंचीचा पाट. त्यावर चौघं. चिमणी मधोमध, मीच बाह्या आखूड करून दिलेल्या जाकिटात. तिच्या मागे ड्रमवाली, एक आडव्या अंगाची, हसऱ्या चेहऱ्याची बाई, दिवसा बालवाडीत शिकवते. चिमणीच्या डाव्या पायात बूट होता आणि उजवा पाय अनवाणी. तो पाय तिनं मागे नेऊन ड्रमच्या लाकडी चौथऱ्यावर टेकवलेला. मला वाटलं, हीच त्यांची फॅशन. पोरं फाटक्या विजारीसुद्धा माझ्याकडे आणखी फाडायला आणून देतात.

दुसरं गाणं जरा हळू होतं. चिमणी डोळे मिटून गात होती. शब्द अर्धे कळत नव्हते, पण तो आवाज मला पाळण्यापासून ओळखीचा, आणि तो इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले. शेजारी बघितलं तर दादानं एका कानातला बोळा काढला होता. माझा भित्रा भाऊ, उघड्या कानानं, तोंड जरासं उघडं टाकून लेकीकडे बघत होता. मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, थांबल्या, चिमणी तारा जुळवायला वाकली. जरा शांत झालं. मला राहवलं नाही. मी पोटातून हाक मारली, "चिमणे!"

तिनं ऐकलं. पटकन मान वर केली आणि हसून बघितलं. डावीकडे. आम्ही उजवीकडे, खांबापाशी, आणि ती डाव्या बाजूच्या गर्दीत मला शोधत होती.

"आंधळी कुठली," मी हसत म्हटलं. "दिवसभर लोकांना चष्मे देते आणि—"

दादा हसला नाही. त्यानं माझं मनगट धरलं. माझ्या कानात बोळे, त्यामुळे तो काय बोलतोय ते कळेना. शेवटी त्यानं माझ्या कानातला बोळाच उपसला. "पुन्हा हाक मार," तो म्हणाला.

"अरे पण—"

"मार!"

दादा माझ्यावर याआधी कधी ओरडला असं मला आठवत नाही. मी पुन्हा हाक मारली. चिमणीनं पुन्हा डावीकडे बघितलं. हात कपाळावर धरून, दिव्याआड डोळे बारीक करून, हसत, चुकीच्या बाजूला. मग ड्रमवालीनं काठ्या आपटल्या आणि तिसरं गाणं सुरू झालं.

दादा खांबाला टेकला. त्या लाल-निळ्या उजेडात त्याचा चेहरा पांढराफटक दिसत होता. माझ्या कानाला तोंड लावून तो तुटक तुटक बोलायला लागला. आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात. एकच कान चालत असला तर ऐकू येतं, पण दिशा कळत नाही. माणूस चांगल्या कानाच्या बाजूला बघतो. "आणि तो पाय बघ," तो म्हणाला. "ती ठोका पायानं घेतेय. उजवीकडून तिला काही येत नाहीये, छोटे. काहीच."

"पण तू तर मंगळवारी..."

"आज सातवा दिवस," दादा म्हणाला.

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. कान असा एका रात्रीत जातो कधीकधी. सर्दीनं बंद झाला असेल तर काही नाही, उघडतो. पण आतली नस गेली असेल तर पहिले दिवस फार महत्त्वाचे. आठवड्याभरात औषध सुरू झालं तर ऐकणं परत यायची आशा असते. दोन आठवडे उलटले की डॉक्टर नुसती मान हलवतात. सर्दी की नस, हे आधी कळायला हवं. आणि तिसऱ्या गाण्यानंतर चौथं होतं, चौथ्यानंतर पाचवं, आणि मधे ती शंभर माणसं उड्या मारत होती. मी दादाचा हात धरून उभी राहिले. मला आता छताची भीती वाटत नव्हती, दाराचीही नाही. मला फक्त त्या पोरीच्या उजव्या कानाची भीती वाटत होती आणि प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, आणखी थोडा गेला, आणखी थोडा गेला.

पाच गाण्यांनी मध्यंतर झालं. स्टेजमागे सायकलच्या टायरांची खोली होती, तिथे ती मंडळी बसली होती. चिमणी एका खोक्यावर बसून पाणी पीत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा फुलला. "आलात! बाबा, कसं वाटलं?"

दादा तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "पाय अनवाणी का आहे?"

ती माझ्याकडे बघून हसत राहिली. तिला कळलंच नव्हतं तो काही बोलला ते.

ड्रमवालीला मात्र कळलं. तिनं एकदा दादाकडे बघितलं, एकदा चिमणीकडे. "काय गं, तू तर म्हणालीस बाबांनी तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आहे. कानाला दडा बसलाय, दोन दिवसांत सुटेल म्हणालीस."

"आहेच नॉर्मल," चिमणी म्हणाली. "बाबा, सांग ना तिला."

त्यानं खिशातून काटा काढला. दोन दातांचा, लोखंडी, बोटाएवढा लांब. आपटला की बराच वेळ गुणगुणतो. तो कायम त्याच्या खिशात असतो. लहानपणी चिमणी त्याच्याशी खेळायची.

"खोकं फिरव," तो तिच्या डाव्या कानाशी म्हणाला. "भिंतीकडे तोंड कर. मी हा कपाळावर ठेवतो. ज्या बाजूला ऐकू येईल त्या हाताचं बोट वर."

"बाबा, आता? पाच मिनिटांत आम्हाला परत—"

"फिरव."

मधल्या अंधाऱ्या बोळातून येताना दादानं मला एवढंच सांगितलं होतं. नुसती सर्दी असेल तर काट्याचा आवाज बंद कानातच जास्त येतो, म्हणजे उजवं बोट वर येईल. नस गेली असेल तर आवाज चांगल्या कानाकडे पळतो, म्हणजे डावं. मी टायरांच्या ढिगाला टेकून मनातल्या मनात म्हणत होते, उजवं, उजवं, उजवं.

दादानं काटा गुडघ्यावर आपटला, तिच्या मागे उभं राहून हात पुढे नेला आणि तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला.

उजवं बोट वर आलं.

"आलं!" मी ओरडलेच. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. ड्रमवालीनंही हुश्श केलं. पण दादानं हातानंच मला गप्प केलं. त्यानं काटा रुमालानं पुसला. या वेळी त्यानं तो कशावरच आपटला नाही. गुडघ्यावर थापट मारल्याचा नुसता आवाज केला आणि मुका काटा तिच्या कपाळाला टेकवला.

उजवं बोट पुन्हा वर आलं.

बाहेर लोकांचा गलका चालला होता. दादा तिच्या डाव्या बाजूला वाकला. "चिमणे," तो म्हणाला, "मी वाजवलाच नव्हता."

ते बोट तसंच वर राहिलं जरा वेळ. मग हळूहळू खाली आलं, आणि तिचे खांदे हलायला लागले.

"रविवारी कार्यक्रम होता, बाबा," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "मंगळवारी तुला कळलं असतं तर तू मला सोडलंच नसतंस. मला वाटलं, रविवारनंतर सांगू. आणि रोज वाटायचं, उद्या उघडेल. मग वाटलं, नाहीच उघडला, तर... तू एकदा तरी ऐकायला हवंस ना. म्हणून तुला बोलावलं."

"मंगळवारी कसं केलंस?" मला राहवेना. "याला कसं फसवलंस?"

"खुर्ची काचेकडे होती," चिमणी म्हणाली. "बाबा बटण दाबतो तेव्हा त्याचा खांदा जरासा हलतो. मला लहानपणापासून माहीत आहे. काट्याचं उजवं-डावंही."

मी दादाकडे बघितलं. ज्यानं सव्वीस वर्षं खुर्ची भिंतीकडे ठेवायला शिकवलं, त्यानं लेकीची खुर्ची काचेकडे ठेवली? घाई झाली असेल, मी मनात म्हटलं. विसरला असेल.

"विसरलो नव्हतो," दादा म्हणाला, जणू मी मोठ्यानं बोलले होते. "फिरव म्हणणार होतो. पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला... तिची बोटं इतकी भराभर वर येत होती, छोटे. इतकी तालात. असं कोणाचंही येत नाही. तिचे डोळे माझ्या खांद्यावर होते ते मला दिसत होतं. आणि मी थांबलो नाही. मधे एकदाही बटण सोडून दिलं नाही. मला तो ग्राफ चांगला यायला हवा होता." मग म्हणाला, "मी कानाडोळा केला. पाच दिवस गेले माझ्यामुळे."

माझा तो जुना विनोद माझ्याच तोंडावर येऊन आदळला. दादाला जवळ घ्यावं की दोन लगावाव्यात हे मला कळेना. मी दोन्हींतलं एकही केलं नाही. ड्रमवालीनं चिमणीचा बूट शोधून आणला आणि गुडघ्यावर बसून तिच्या पायात घातला.

"डोळे मीट," दादा चिमणीला म्हणाला. "आता खरं. यात पास-नापास नसतं."

त्यानं काटा आपटला. तो गुणगुणायला लागला, मलासुद्धा ऐकू येत होता. कपाळाला टेकवला. चिमणीनं बराच वेळ काहीच केलं नाही. मग तिचा डावा हात मांडीवरून उठला आणि डावं बोट वर आलं.

"शाब्बास," दादा म्हणाला. प्रत्येक पोराला तपासून झालं की तो तसं म्हणतो, सवयीनं. या वेळी तो तिच्या उजव्या कानाशी म्हणाला.

चिमणीनं डोळे उघडले. "काही म्हणालास का, बाबा?"

परत जायला वाट त्याच गोदामातून होती. उरलेल्या तिघांनी तिच्याशिवाय सुरू केलं होतं. ड्रमवालीनं माइकवर सांगितलं की आमच्या गायिकेला तातडीनं जावं लागतंय, आणि काठ्या उचलल्या. दारापाशी दादा थांबला. स्वतःचे दोन्ही पिवळे बोळे त्यानं चिमणीच्या दोन्ही कानांत बसवले, उजव्यातसुद्धा, आणि वरून दोन्ही कानांवर तळहात दाबून धरले. मिक्सरला घाबरणारा माझा भाऊ उघड्या कानांनी त्या मोठ्या स्पीकरांच्या पुढून, शंभर माणसांतून, लेकीचं डोकं दोन हातांत धरून चालत गेला. एकदाही दचकला नाही. मी मागून दोघांच्या पिशव्या सांभाळत आणि रडत चालले होते. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात तिचं औषध सुरू झालं.

पुढचे दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. माझ्या दुकानातल्या तीन विजारी उलट्या शिवल्या गेल्या एवढं सांगते.

औषधाच्या अकराव्या दिवशी पुन्हा तपासणी होती. दादानं ती केली नाही. घरच्या माणसानं करू नये म्हणाला, आणि यंत्रापुढे त्याच्या हाताखाली शिकलेली बाई बसली. खुर्ची भिंतीकडे फिरवलेली. काचेतून आम्हाला चिमणीची पाठ दिसत होती, मान, आणि मांडीवरचा हात. दादानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर वळ उठले. उजवा कान सुरू झाला. जाडे आवाज: बोट वर आलं, जरा उशिरानं, पण आलं. मधले: काही आले, काही नाही. मधेच त्या बाईनं हात उचलून नुसता हवेत धरला, बटण दाबलंच नाही. बोट वर आलं नाही. मग बारीक, शिट्टीसारखे आवाज. बाई आवाज वाढवत गेली, वाढवत गेली, आणि चिमणीचा हात मांडीवर तसाच पडून होता.

"निम्मा," दादा हळूच म्हणाला. "निम्मा आलाय. बारीक आवाज नाहीत."

"आणि ते पाच दिवस गेले नसते तर?"

"ते कोणी सांगू शकत नाही," तो म्हणाला. ग्राफवरच्या लाल खुणा तो बघत राहिला, डोळे मिटले नाहीत त्यानं.

चिमणी बाहेर आली आणि आम्हाला न बघता कॉरिडॉरकडे निघाली. आम्ही तिच्या उजव्या हाताला उभे होतो. मी तोंड उघडलं, मग मला भीती वाटली, आणि तरीही मी हाक मारली.

"चिमणे!"

ती थांबली. तिनं आधी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे.